चष्म्याचं घर

दाणे मंद भाजायचे, एवढं एकच
आईनं दोनदा सांगितलेलं.
बाकी सगळं तिनं नुसतं करून दाखवलं
आणि मी तेव्हा बघत नव्हते.

सकाळचे साडेसहा. विडी घरकुलात अजून नळ आलेला नाही.
तव्यावर सालं तडकतायत,
आणि बाहेर खाटेवर नायना
रेडिओ इतका मोठा लावून बसलेत
की शेजारच्या सिद्राम यमूलांना
स्वतःचा रेडिओ घ्यावाच लागला नाही.

चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभे होते.
घरी आम्ही त्यांच्याशी ओठांनी बोलायला शिकलो.
'मीठ' म्हणताना तोंड कसं मिटतं,
'चहा' म्हणताना कसं उघडतं,
हे मला बाराखडीच्या आधी कळलं.

आज एक जून.
शाळेच्या मास्तरांनी टाकलेली तारीख,
अर्ध्या गल्लीचा वाढदिवस.
दुकानातून शर्ट आणला तर
घडी न मोडता कपाटात जातो.
पाच शर्ट तिथं टाचण्यांसकट झोपलेत.
म्हणून यंदा हातानं.

सालं पाखडली, निम्मी यमूलांच्या दारात गेली.
उखळात लसूण, तिखट, जिरं,
आणि तेल सुटेपर्यंत कुटत राहायचं,
कारण नायनांना आता दात नाहीत.
मीठ डॉक्टरांनी सांगितलं तेवढं,
म्हणजे नसल्यासारखं.

दुसरी वस्तू रात्रीच झालेली.
कारखाना भंगारात निघाला तेव्हा
नायनांनी सायकलला बांधून आणले होते
जेकार्डचे पुठ्ठे, भोकाभोकांची लांब माळ.
'आता हे काय शिजवून खायचं?' आई म्हणाली होती.
अकरा वर्षं ते खाटेखाली.
त्यातले चार कापले.
मैद्याची खळ शिजवली,
आतून टॉवेलची मऊ किनार चिकटवली,
बाहेर माझ्या शाळेच्या गणवेशाचं बटण.
आणि वाळायला ठेवलं आईच्या विड्यांच्या सुपात.
त्या सुपाला अजून तंबाखूचा वास येतो.
दाणे त्यात पाखडता येत नाहीत,
टाकूनही देववत नाही.

एक कोपरा वाकडा आला. राहू दिला.

हातात दिलं. नायनांनी चष्मा काढला.
मला वाटलं, आत ठेवतील.
त्यांनी डोळे मिटले
आणि अंगठा भोकांवरून फिरवायला लागले,
एक ओळ, मग खालची,
मग परत वरची, जणू कुणीतरी
मध्येच बोलायचं थांबलं होतं.

'नेमली मेडा,' आधी तेलुगूत.
मग माझ्याकडे वळून, 'मोराची मान.
उलटी लावलीस गं. चोच तळाला गेली.'
आणि जरा वेळानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं,
कारण हळू बोलणं त्यांना जमतच नाही:
'हे भोक चुकलेलं. माझंच.
अडीचशे चादरी निघाल्या तशाच,
मोराच्या गळ्यावर एक ठिपका जास्त.
एकानंही परत आणली नाही.'

मी ओठ हलवले: दुसरं करू?
त्यांनी मान हलवली.
उलट्या मोरात चष्मा ठेवला,
बटण लावलं, काढलं,
पुन्हा लावलं.

भाकरी दुधात कुस्करून दिली, शेजारी चटणी.
बोटानं चाखली. काही बोलले नाहीत.
तेवढ्यात 'पाणी आलं' असा ओरडा झाला
आणि मी घागर घेऊन पळाले.

परत आले तर
मिठाची बरणी जागेवरून हललेली,
ताटली पुसल्यासारखी स्वच्छ,
आणि नायना रेडिओकडे तोंड करून,
डोळ्यांवर चष्मा नाही, घर मांडीवर,
अंगठा अजून त्याच भोकाशी.